युटाहमधल्या जुन्या सरोवराच्या पायऱ्यांवरची रेताड, गोटाळ कुरणमाती

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी देतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लोगनला युटाह स्टेट युनिव्हर्सिटीत रेंज सायन्स (कुरणशास्त्र) शिकताय, त्याआधी राहुरीला बीएस्सी अ‍ॅग्री केलंय. टुविला काउंटीत पहिला माती-खड्डा घेतलात. वर गोटेमिश्रित रेताड पोयटा, ४० सेंटिमीटरच्या आसपास पांढरट थर आणि खाली पुन्हा गोलसर गोटे. आपल्याकडे अशा जमिनीला कोणी चांगली म्हणणार नाही, पण तुमचे मार्गदर्शक तिला उत्तम कुरण म्हणतात. ते तसं का म्हणतात, ही लेक टेरेसचीच (जुन्या सरोवरकाठाच्या पायरीचीच) माती हे कसं ओळखायचं, पांढऱ्या थराचं काय करायचं आणि आग लागून गेलेल्या पट्ट्यात पेरणी कशी करायची, हे तुम्ही विचारलंत.

पहिलाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. जमीन जितकं पाणी धरून ठेवते तितकी ती चांगली, असं आपण शिकलो. चार महिने मोसमी पाऊस पडतो आणि त्या ओलीवर पुढे रब्बी काढायची असते, तिथे ते खरंच आहे. टुविला काउंटीतल्या स्कल व्हॅली किंवा रश व्हॅलीच्या उतारांवर मात्र वर्षाला जेमतेम २०० ते ३०० मिमी पाणी मिळतं आणि त्याचा मोठा वाटा हिवाळ्यातल्या बर्फातून आणि वसंतातल्या पावसातून येतो. त्यानंतर लांबलचक कोरडा उन्हाळा. अशा ठिकाणी माती एकूण किती पाणी धरते यापेक्षा ते पाणी किती खोलवर जाऊन बसतं, याला जास्त किंमत आहे.

आकडे मांडून बघा. भारी, चिकण अंगाची माती मीटरभर खोलीत झाडांना मिळण्याजोगं साधारण १८० मिमी पाणी धरते. रेताड पोयटा १२० च्या आसपास धरतो, आणि त्यात आकारमानाने निम्मे गोटे असले तर उरतात ६० मिमी. आता बर्फ वितळून २५ मिमी पाणी जमिनीत शिरलं असं धरा. भारी मातीत ते जेमतेम १४ सेंटिमीटरपर्यंत पोचेल, तुमच्या खड्ड्यात ४० च्या खाली उतरेल. ऊन आणि वारा वरच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमधली ओल ओढून नेतात. म्हणजे भारी मातीतलं जवळजवळ सगळं पाणी उन्हाच्या टप्प्यात राहिलं, गोटाळ मातीतलं सुमारे दोन तृतीयांश सुटलं. शिवाय पृष्ठभागावरचे गोटे थेंबांचा मारा झेलतात, त्यामुळे माती बसत नाही, पाणी वाहून न जाता आत शिरतं आणि वाऱ्याने धूपही कमी होते. परिसंस्थांचे अभ्यासक इम्मानुएल नॉय-मेयर यांनी १९७३ मध्ये कोरड्या प्रदेशांबद्दल हेच मांडलं: पाऊस साधारण ३०० ते ५०० मिमीच्या खाली असेल तर जाड पोताची माती बारीक पोताच्या मातीपेक्षा जास्त वनस्पती पोसते, त्याच्या वर गणित उलटतं. राहुरीच्या आणि तुमच्या आताच्या नजरेत तफावत दिसते ती म्हणूनच. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता ही माती आली कुठून. हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यात इथे बॉनव्हिल सरोवर होतं, सुमारे ५१,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढं, आणि ३०० मीटरहून अधिक खोल. साधारण १८,००० वर्षांपूर्वी ते सगळ्यात वरच्या पातळीला पोचलं, आयडाहोतल्या रेड रॉक पासपाशी काठ फुटला आणि पाणी शंभराहून अधिक मीटर खाली आलं. तिथे ते बराच काळ थांबलं, ती प्रोव्हो पातळी. नंतर हवामान कोरडं होत गेलं आणि आजचं ग्रेट सॉल्ट लेक उरलं. डोंगरांच्या अंगावर आडव्या रेघा दिसतात ते हे जुने काठ. (तुमचं विद्यापीठही लोगन नदीने त्याच प्रोव्हो पातळीच्या सरोवरात टाकलेल्या त्रिभुज प्रदेशावर उभं आहे.) नकाशातल्या उंचीवरून काठ ओळखणार असाल तर एक खबरदारी घ्या. पाण्याचं ओझं उतरल्यावर जमीन वर उचलली गेली, आणि खोऱ्याच्या मध्यावर जास्त उचलली गेली. त्यामुळे एकच काठ सगळीकडे एकाच उंचीवर सापडत नाही. भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी हे १८९० मध्येच दाखवून दिलं होतं.

खड्ड्यात ओळख पटवायची तर गोटे हातात घ्या. लाटांनी घासलेले गोटे गुळगुळीत, कडा मोडलेले, बरेचदा चपटे असतात. ते आकारानुसार निवडले जातात, म्हणून भिंतीत वाळूचा पट्टा, सुपारीएवढ्या खडीचा पट्टा, पुन्हा वाळू अशी आखणी दिसते. ओढ्यांनी डोंगरपायथ्याशी पंख्यासारख्या पसरलेल्या गाळातले दगड अणकुचीदार असतात, लहानमोठे सगळे एकत्र आणि मधे माती ठासलेली. पुष्कळ ठिकाणी काठाच्या गोट्यांवर नंतरच्या ओढ्यांचा थर चढलेला असतो, म्हणजे एकाच खड्ड्यात दोन्ही भेटतात. तेव्हा नोंदीत दोन वेगळे उगम लिहा, उगाच सरासरी काढू नका. खऱ्या काठाची बांधणी डोळे भरून बघायची असेल तर स्टॉक्टनजवळचा तो अवाढव्य बांध बघून या. टुविला आणि रश व्हॅलीच्या मधोमध लाटांनी रचलेला आहे.

पांढऱ्या थराकडे वळतो. एक गोटा उचलण्यापूर्वी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा, मग सोडवा. पांढरं पुट फक्त खालच्या अंगाला असेल तर ते माती तयार होताना जमलेला चुना आहे. पाणी खाली उतरताना चुना विरघळवून नेतं, गोट्याच्या बुडाशी थेंब रेंगाळतो, मुळं ते पाणी पितात किंवा ते सुकतं आणि चुना तिथेच चिकटून राहतो. हा चुना आसपासच्या चुनखडकातून येतो, तसाच कोरड्या सरोवरतळांवरून उडून येणाऱ्या धुळीतूनही येतो. पुट सगळ्या बाजूंनी जाड, सच्छिद्र आणि गोट्यांना एकमेकांत सांधणारं असेल तर तो सरोवराच्या पाण्यातच बसलेला टुफा, म्हणजे चुन्याचा सच्छिद्र दगड, असू शकतो. प्रोव्हो काठावर तो भरपूर आहे. दोन्ही आम्लाने सारखेच फसफसतात, म्हणून नुसत्या फसफशीवर निर्णय करू नका.

तो थर मुळांना अडवतो का, हे ठरवायला वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या भांड्यात टाकून ठेवा. फुटून पसरलं तर थर सुटा आहे, मुळं जातील. तसंच राहिलं तर सिमेंट झालंय आणि तुमची माती प्रत्यक्षात उथळ आहे. बॉनव्हिलच्या पातळीखालच्या माती भूशास्त्रीय हिशोबात तरुण आहेत, त्यांत बहुधा सुटा थरच सापडतो. थर १५ सेंटिमीटर जाड आणि त्यात १५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, ही कॅल्सिक हॉरायझनची (वर्गीकरणात चुना साचलेल्या थराचं नाव) मुख्य अट. त्या थराची खोली आणखी एक गोष्ट सांगते: पाणी साधारण कुठवर पोचत आलंय. वरचं गणित ४० सेंटिमीटर सांगतं आणि चुनाही तिथेच सुरू होतो, हा निव्वळ योगायोग नसावा.

विद्यार्थी हमखास गोंधळतात ती जागा म्हणजे गोट्यांचा हिशोब. प्रयोगशाळा २ मिमीच्या चाळणीखालची माती तपासते. अहवालात सेंद्रिय कर्ब ०.९ टक्के आला तर तो त्या बारीक मातीचा, जमिनीचा नाही. निम्मं आकारमान गोट्यांचं असेल तर दर हेक्टरी हिशोब करताना तो निम्माच धरायचा. पाण्याचं आणि नत्राचंही तसंच. वजनाचे टक्के आणि आकारमानाचे टक्के वेगळे, हेही लक्षात ठेवा. चाळल्यावर वजनाने ६० टक्के गोटे निघाले, गोट्यांची घनता २.६५ आणि बारीक मातीची १.४५ धरली, तर आकारमानाने ते सुमारे ४५ टक्केच भरतात. वर्गीकरणात मातीला स्केलेटल (गोटाळ) म्हणायला ३५ टक्के लागतात, ते आकारमानाचे.

थरांची आखणी निव्वळ नोंदीपुरती नाही. बारीक वाळूच्या पट्ट्याखाली स्वच्छ खडी असेल तर पाणी लगेच खाली जात नाही, वरचा पट्टा जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत तिथेच अडून राहतं. त्यामुळे वरच्या पट्ट्यात कागदावरच्या हिशोबापेक्षा जास्त ओल सापडते, आणि मुळांचं जाळंही नेमकं त्या सीमेवर दाटलेलं दिसतं. खड्ड्याच्या भिंतीवर मुळं मोजताना ही सीमा सोडू नका.

क्षारांचं थोडक्यात. वरच्या पायऱ्यांवर निचरा उत्तम आणि भूजल खोल, म्हणून क्षार सहसा कमी, सामू मात्र चुन्यामुळे आठच्या वर. खाली उतरत गेलात की सरोवरतळाचा बारीक गाळ लागतो, सेजब्रश हे झुडूप मागे पडतं, क्षार सोसणारं शॅडस्केल येतं आणि त्याही खाली ग्रीसवुड. आपल्या क्षारपड-चोपण जमिनी तुम्हाला माहीत आहेत, तोच प्रकार. झाडं बघत चाललात तर खड्डा न घेताही अर्धी माती कळते.

तुमच्या पायरीवर मुळात असतं ते वायोमिंग बिग सेजब्रश, त्याच्या जोडीला ब्लूबंच व्हीटग्रास, रेताड भागात इंडियन राइसग्रास आणि नीडल-अँड-थ्रेड, ही झुबक्यांनी वाढणारी बहुवर्षायू गवतं. या सगळ्यांची मदार खोलवर साठलेल्या त्या ओलीवर. सेजब्रश तर रात्री खालचं पाणी मुळांवाटे वरच्या कोरड्या थरात सोडतं. रिचर्ड्स आणि कॉल्डवेल यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं ते तुमच्याच विद्यापीठातून, त्यांचा पेपर जरूर काढून वाचा.

आणि इथेच मला मनापासून काळजी वाटते. चीटग्रास हे युरोप-आशियातून आलेलं वर्षायू गवत शरद ऋतूत उगवतं, इतर गवतं जागी होईपर्यंत वसंतातली वरची ओल पिऊन टाकतं आणि जूनपर्यंत वाळून कोरडं होतं. मग आग. या पायऱ्यांवर मूळचे झुबके विरळ असतात, मधल्या मोकळ्या गोटाळ जागेमुळे आग पसरत नसे. चीटग्रास नेमकी तीच जागा भरतं. वायोमिंग सेजब्रश जळाल्यावर बुंध्यातून फुटत नाही, बी फार दूर जात नाही आणि मातीत फार टिकतही नाही. वसंतात झुबके वाढीला लागले असताना दरवर्षी तिथेच गुरं सोडली की वाट आणखी सोपी होते. माती तीच राहते, पाणी तेवढंच पडतं, पण खोलवरची ओल वापरणारं कोणी उरत नाही. म्हणून अशा जागेचा दर्जा ठरवताना एकूण चाऱ्याच्या किलोंवर भिस्त ठेवू नका, बहुवर्षायू झुबके किती शिल्लक आहेत ते आधी मोजा. माझ्या मते दुसरा कुठलाही आकडा त्याच्याइतका सांगत नाही.

जळालेल्या पट्ट्याबद्दल. झुबके बऱ्यापैकी जिवंत असतील तर पेरूच नका, चराई थांबवा आणि त्यांना बी धरू द्या. पेरायचंच तर ऑक्टोबर अखेरीनंतर, थंडीत, म्हणजे बी हिवाळाभर जमिनीत राहील आणि बर्फाच्या पाण्यावर उगवेल. ब्लूबंच एक-दीड सेंटिमीटरवर पुरेसं. राइसग्रासचं बी टणक आणि सुप्त असतं, रेताड जागी ते पाच ते आठ सेंटिमीटर खोल चालतं, त्यामुळे दोन्ही एकाच पेटीतून एकाच खोलीवर पेरू नका. सेजब्रशचं बी अगदी बारीक, ते पृष्ठभागावरच टाकायचं, बर्फावर टाकलं तरी चालतं. गोट्यांवर पेरणीयंत्राच्या तबकड्या उसळतात आणि खोली सांभाळली जात नाही. तिथे बी फोकून वरून साखळी ओढणं बरं. एवढं करूनही २५० मिमीच्या आतल्या जागी एखाद्या कोरड्या वसंतात सगळं वाया जाऊ शकतं, तेव्हा सगळं बी एकाच वर्षी संपवू नका.

ढेकूळ पाण्यात टाकल्याचा निकाल आणि गोट्यांचा खूण केलेल्या बाजूसह फोटो इथे टाका. फोटोत मोजपट्टी असू द्या आणि खड्ड्याची भिंत आधी ब्रशने साफ करा, तुम्ही आधी पाठवलेल्या फोटोत पट्टे नीट दिसत नाहीत. तुमच्या जागेचं वर्णन एनआरसीएसच्या (अमेरिकी कृषी खात्याची माती-पाणी संवर्धन संस्था) वेब सॉइल सर्व्हे या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यात इकॉलॉजिकल साइटचं (माती-हवामानानुसार ठरवलेल्या कुरणप्रकाराचं) नावही असतं, ते कळवलंत तर झुबक्यांचं मूळ प्रमाण किती असायला हवं यावर पुढे बोलू.