'सेरेब्रम', 'सेरेबेलम' आणि 'सेरेब्रल' या इंग्रजी शब्दांचे मूळ एकच आहे का?

होय. लॅटिनमध्ये 'सेरेब्रम' म्हणजे मेंदू आणि 'सेरेबेलम' हे त्याचेच लघुत्वदर्शक रूप, म्हणजे छोटा मेंदू. पुण्याच्या बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत यांनाच प्रमस्तिष्क आणि अनुमस्तिष्क म्हटले आहे. नावाने छोटा असला, तरी शरीराचा तोल आणि हालचालींतील सुसूत्रता सांभाळणाऱ्या या अनुमस्तिष्कात मेंदूतील सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी जवळपास ६९०० कोटी असतात, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे. संस्कृत 'शिरस्' हा शब्दही याच कुळातला मानला जातो, आणि मला हा धागा सर्वांत मोलाचा वाटतो. 'सेरेब्रल पाल्सी' (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार) यातील 'सेरेब्रल' हे विशेषण याच मुळाचे आहे. 'एन्सेफलायटिस' (मेंदूला येणारी सूज) हा शब्द मात्र ग्रीकमधून आलेला आहे.