डिटेक्टर शोधतो की टिपतो?

प्रश्न असा आलाय: दक्षिण कोरियात बुसानला २०२३ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय सूक्ष्मदर्शन परिषदेतले काही गोषवारे मराठीत आणायचे आहेत. त्यातल्या ‘डायरेक्ट इलेक्ट्रॉन डिटेक्टर’ला (म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याला) ‘थेट इलेक्ट्रॉन शोधक’ म्हटलं तर चालेल का?

मी म्हणणार नाही. ‘शोधक’ म्हटलं की आधी माणूसच डोळ्यांपुढे येतो. ‘संशोधकांनी नव्या शोधकावर निबंध वाचला’ हे मोठ्याने वाचून बघा! शिवाय हे यंत्र काही शोधत नसतं. सूक्ष्मदर्शकात ठेवलेल्या नमुन्याच्या खाली गप बसून वरून येतील ते इलेक्ट्रॉन घेत असतं. विश्वकोशात ‘अभिज्ञातक’ आहे. अर्थाने तो चोख (अभिज्ञान म्हणजे ओळख पटणं, शकुंतलेची अंगठी आठवा), पण बोलण्यात मी तरी तो ऐकलेला नाही.

तेव्हा नाम ‘डिटेक्टर’च राहू द्या आणि क्रियापद आपलं घ्या: टिपणे. या एका क्रियापदात जुन्या-नव्या डिटेक्टरांमधला फरकही मावतो.

जुन्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉन आधी एका चकाकणाऱ्या थरावर आदळायचा. तिथे उमटलेला प्रकाश काचतंतूंमधून सीसीडी या प्रकाश नोंदवणाऱ्या चिपपर्यंत जायचा. थरातच प्रकाश फाकायचा आणि ठिपका फिसकटायचा. हे टीपकागदाचं टिपणं: शाई घेतली जाते, पण पसरते. नव्या डिटेक्टरात इलेक्ट्रॉन सरळ सीमॉस नावाच्या चिपवरच पडतो. इलेक्ट्रॉनांची शलाका पुरेशी मंद ठेवली की प्रत्येक आघात वेगळा मोजता येतो. हे चिमणीचं टिपणं, एकेक दाणा. त्यात एका चित्राऐवजी भराभर अनेक फ्रेम घेता येतात, त्यामुळे शलाकेच्या माऱ्याने नमुना किंचित हलला तरी फ्रेम एकमेकींवर जुळवून ते हलणं काढून टाकता येतं. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टीआरपीव्ही-१ या प्रथिनाची रचना ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) बारकाईने दिसली ती अशाच डिटेक्टरमुळे. मिरचीचा तिखटपणा आपल्याला झोंबतो तो याच प्रथिनामार्फत. २०१७चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यातले रिचर्ड हेंडरसन केंब्रिजमध्ये या डिटेक्टरांच्या मागे बरीच वर्षं लागलेले होते.

आता ‘थेट’. तो इलेक्ट्रॉनच्या आधी ठेवलात तर इलेक्ट्रॉनच थेट आणि बाकीचे आडवळणाचे असं वाटेल. ‘इलेक्ट्रॉन थेट टिपणारा डिटेक्टर’ लिहा. लांब होतं खरं, म्हणून पहिल्यांदा पूर्ण आणि पुढे नुसतं ‘थेट डिटेक्टर’. एकेक आघात मोजण्याच्या ‘काउंटिंग मोड’ला ‘मोजणी पद्धत’ पुरे.

जाता जाता, ‘शास्त्रज्ञांनी डिटेक्टर सादर केला’ हेही टाळा, नवा मोबाइल बाजारात आणल्यासारखं वाटतं. परिषदेत निबंध वाचतात, पोस्टर लावतात. डिटेक्टर बिचारा प्रयोगशाळेतच असतो.