माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईच्या गव्हर्नरपदापर्यंत कसा पोहोचला?
१७९६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत कलकत्त्यास आला तेव्हा एल्फिन्स्टन जेमतेम १६ वर्षांचा होता. १८०३ मध्ये असईच्या लढाईत तो इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीसोबत होता. नंतर नागपूरची रेसिडेन्सी (दरबारातील कंपनीच्या प्रतिनिधीचे, म्हणजे रेसिडेंटचे, पद) आणि काबूलची वकिलात सांभाळून १८११ मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट झाला. माझ्या मते त्याचे भवितव्य ठरले ते इथेच. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, म्हणजे खडकीच्या लढाईच्या दिवशी, मुळा-मुठेच्या संगमावरील त्याची रेसिडेन्सी, म्हणजे त्याचे निवासस्थान व कचेरी, पेशव्यांच्या फौजेने जाळली आणि त्याचा आवडता ग्रंथसंग्रहही भस्मसात झाला. मात्र पेशवाई बुडताच त्याच मुलखाची व्यवस्था कमिशनर या नात्याने त्याच्याकडे आली. त्या कामगिरीच्या बळावर तो १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर राहिला. पुढे देऊ केलेले गव्हर्नर जनरलपद मात्र त्याने नाकारले.