वर्कस्टेशनसाठी २ टीबीची एसएसडी घ्यावी, की त्याच पैशांत मोठी हार्ड डिस्क?

आपण विचारले आहे की लग्नाच्या व्हिडिओंच्या संपादनासाठी वर्कस्टेशन जुळवताना २ टीबीची एसएसडी (चिपमध्ये माहिती साठवणारी) घ्यावी, की तेवढ्याच पैशांत मिळणारी कितीतरी मोठी हार्ड डिस्क (फिरत्या तबकडीवर माहिती साठवणारी). कारण आपल्या भागीदारांच्या मते फुटेज चालवायला हार्ड डिस्कचा वेग पुरेसा असतो. एसएसडीच घ्या. भागीदारांचे हे मत मी माझ्या थोरल्या भावाकडून अगदी याच शब्दांत ऐकलेले आहे आणि त्यापायी आमचे एक काम हातचे जाता जाता राहिले, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१८ साली आम्ही दोघांनी सांगलीतल्या आमच्या स्टुडिओसाठी नवे यंत्र घेतले. रॅम ६४ जीबी, ग्राफिक्स कार्ड उत्तम, आणि फुटेजसाठी मिनिटाला ७२०० फेरे घेणारी ४ टीबीची हार्ड डिस्क. मी एसएसडीचा आग्रह धरला तेव्हा दादाने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: आपल्या कॅमेऱ्याचे फोर-के फुटेज सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे १२.५ एमबी, तीन कॅमेरे धरले तरी ३७.५ एमबी, डिस्क तर १५० एमबी देते, मग जास्तीचे पैसे कशाला? त्या हिशेबात आकड्याची एकही चूक नव्हती आणि त्या वेळी मला उत्तर देता आले नाही.

त्याच डिसेंबरात एका लग्नाचे काम आले. नवरी नवव्या दिवशी परदेशी जाणार होती आणि निघण्यापूर्वी तिला फिल्म हातात हवी होती. मंगलाष्टकांचा भाग मल्टिकॅममध्ये, म्हणजे तिन्ही कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळी दाखवणाऱ्या मांडणीत, लावून स्पेसबार दाबला, की पहिले दोन सेकंद तिन्ही चौकटी नीट चालत आणि मग थिजून जात. आवाज मात्र पुढे जात राही; ‘सावधान’ ऐकू येई, वाजंत्री सुरू होई, पण चित्रात अंतरपाट अजून धरलेलाच असे. अंतरपाट दूर होतानाचा नवरीचा चेहरा कोणत्या कॅमेऱ्यात चांगला आला आहे, हे ठरवायचे कसे? कॅबिनेटवर तळहात ठेवला तर आतली बारीक थरथर जाणवत होती. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १५ टक्के, डिस्क १०० टक्के आणि वाचनाचा वेग जेमतेम २० एमबी दिसत होता. दादा ग्राफिक्स कार्डाला दोष देत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पैशांनी ५०० जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची) आणली आणि त्या भागाचे २७० जीबी फुटेज तिच्यावर उतरवले. अर्ध्या तासात काम झाले, म्हणजे त्याच हार्ड डिस्कने या वेळी खरोखरच १५० एमबी दिले. दादाच्या हिशेबाचे उत्तर मला तिथे सापडले. एकच लांब फाइल सरळ वाचायची असेल तर तो आकडा खरा असतो. तीन क्लिप एकाच वेळी चालवायच्या तर हेडला, म्हणजे तबकडीवरून माहिती वाचणाऱ्या टोकाला, तीन जागांमध्ये सतत उड्या माराव्या लागतात. प्रत्येक उडीला ८-९ मिलिसेकंद जातात आणि हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी आणखी ४. म्हणजे सेकंदाला सुमारे ८० उड्या, आणि प्रत्येक उडीत पाव एमबी वाचले गेले तर २० एमबी. एसएसडीत हलणारा भागच नसल्यामुळे हा सगळा वेळ वाचतो. त्या संध्याकाळी तिन्ही चौकटी अडखळल्याशिवाय चालल्या आणि फिल्म वेळेत गेली.

दादाचा दुसरा आक्षेप असा होता की एसएसडी लिहून लिहून झिजते. झिजते हे खरे. पण १ टीबीच्या चांगल्या एसएसडीला बहुधा ६०० टीबी लेखनाची हमी असते, आणि रोज १०० जीबी लिहिले तरी तेवढे लेखन व्हायला १६ वर्षे लागतात. तोवर ते यंत्र कोण वापरणार आहे?

आपल्या कामाला २ टीबी पुरतील का, हे फुटेजवर अवलंबून आहे. वरच्या दराने एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी होतात; तीन कॅमेरे दहा तास चालले तर १३५० जीबी. एका वेळी एकच लग्न एसएसडीवर ठेवावे आणि संपलेले काम हार्ड डिस्कवर हलवावे, म्हणजे हार्ड डिस्क आपल्याला लागणारच आहे, फक्त साठवणीला. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या फुटेजसाठी मीदेखील हार्ड डिस्कच वापरतो, कारण वीज न मिळता पडून राहिलेल्या एसएसडीतली माहिती कालांतराने पुसट होऊ शकते. एवढ्यापुरते दादाचे म्हणणे मला मान्य आहे.

साटा आणि एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी, अधिक वेगवान एसएसडी) यांच्या किमतीत फार अंतर नसेल तर एनव्हीएमई घ्या, मात्र मदरबोर्डवरचा एम-डॉट-टू स्लॉट ती चालवतो का हे आधी पाहा. स्वस्त क्यूएलसी एसएसडी (एकेका पेशीत चार बिट साठवणारी) टाळा. तिची कॅशे, म्हणजे लिहिताना वापरली जाणारी वेगवान तात्पुरती जागा, भरली की लिहिण्याचा वेग कधीकधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: हार्ड डिस्क जाण्यापूर्वी पुष्कळदा आवाज करते, एसएसडी मात्र काहीही न सुचवता बंद पडू शकते, आणि ट्रिममुळे, म्हणजे पुसलेल्या फाइलची जागा आपोआप साफ करणाऱ्या सोयीमुळे, तिच्यावरून चुकून पुसलेली फाइल सहसा परत मिळत नाही. म्हणून दुसरी प्रत तयार होईपर्यंत कॅमेऱ्याची कार्डे रिकामी करू नका.