डी अँझा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमधून यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी जायचंय. आधी जनरल एज्युकेशनचे (सगळ्याच शाखांना लागणारे) कोर्स संपवून टाकू का?

माझ्या मुलीच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरे-तुरे करते. तीही डी अँझामधूनच यूसी डेव्हिसला गेली, त्यामुळे हा सगळा खटाटोप घरात जवळून बघितलाय.

इंजिनिअरिंगला जायचं असेल तर जनरल एज्युकेशन आधी उरकू नकोस. ते अधूनमधून बसवता येतं. तुझं वेळापत्रक ठरवणार आहे गणित. कॅल्क्युलसचे चार कोर्स, मग डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनियर अल्जिब्रा. एकेक करून घेतले तर सहा क्वार्टर, म्हणजे साधारण तीन-तीन महिन्यांची सत्रं, गेले, आणि उन्हाळा सोडला तर दोन वर्षांत क्वार्टर असतातच सहा! त्यात फिजिक्सही कॅल्क्युलसवर अडलेलं. पहिल्याच फॉलला, म्हणजे सप्टेंबरच्या सत्रात, प्रीकॅल्क्युलसमध्ये बसलास तर उन्हाळ्यात धावाधाव करावी लागेल. तीही शेवटच्या उन्हाळ्यात चालत नाही, कारण फॉलला यूसीत जायचं तर ९० क्वार्टर युनिट (क्रेडिट) त्याआधीच्या स्प्रिंगच्या सत्रापर्यंत पूर्ण हवेत. बारावीला डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन केलंयस ना? मग मार्कशीट घेऊन काउन्सिलरकडे जा आणि थेट कॅल्क्युलसला बसता येईल का, हे आत्ताच विचार.

कुठला कोर्स कुठे चालतो हे ‘असिस्ट’ या सरकारी साइटवर बघायचं. डी अँझा, यूसीचा कॅम्पस आणि मेजर (मुख्य विषय) निवडलं की यादी समोर येते. चार-पाच कॅम्पसच्या याद्या शेजारी ठेव, फरक दिसतील. कोर्सचा सेक्शन (वर्ग) भरला म्हणून दुसऱ्या कॉलेजात एखादा कोर्स करणारे बरेच असतात. पण मिशन किंवा वेस्ट व्हॅली ही कॉलेजं सेमिस्टरवर (वर्षाला दोन सत्रं) चालतात आणि डी अँझा क्वार्टरवर, त्यामुळे एकाच मालिकेचे तुकडे दोन्हीकडे केलेस तर मधला भाग कुठेच न मोजला जाण्याची भीती. मालिका सुरू केलीस तिथेच संपव.

टॅग म्हणजे प्रवेशाची हमी. ती डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहाच कॅम्पस देतात. बर्कली, यूसीएलए, सॅन दिएगो त्यात नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबरात, तोही एकाच कॅम्पसला. शिवाय सगळी मेजर त्यात येत नाहीत. सांता बार्बराचं इंजिनिअरिंग तर नाहीच. मुख्य अर्ज मात्र हव्या तितक्या कॅम्पसना करता येतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मग जानेवारीत फॉलचे ग्रेड भरून अर्ज अपडेट करायचा. हे विसरणारी मुलं दरवर्षी भेटतात, कसं विसरतात देव जाणे.

‘अगंबाई, कम्युनिटी कॉलेज?’ असं विचारणाऱ्या काकू गणपतीत भेटतीलच. त्यांना सांग, पदवी यूसीचीच मिळते.

तू एच-४वर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर असशील, तर हेही ऐक. २१ पूर्ण झाली की हा व्हिसा संपतो आणि बहुतेकांना एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. एच-४वर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाची फी मिळू शकते, एफ-१वर ती मिळत नाही. यूसीत हा फरक वर्षाला हजारो डॉलरचा पडतो. तुझा एकविसावा वाढदिवस यूसीच्या कुठल्या वर्षात येतो ते बघ, आणि कॅम्पस ठरवण्याआधी आईबाबांना वकिलाशी बोलायला लाव.