मॉड्यूल उशिरा तपासलं, म्हणून हक्क गेला का?

प्रश्न : मी सांगलीजवळ राहतो. नोकरी सांभाळून फावल्या वेळात इलेक्ट्रॉनिक्सचे उद्योग करतो. आमच्या गणेश मंडळासाठी वर्गणीची पावती दारातच छापून देणारं छोटं यंत्र करायला घेतलं. एका ऑनलाइन बाजारातल्या विक्रेत्याकडून ५८ मिलिमीटर कागदाची तीन थर्मल प्रिंटर मॉड्यूल मागवली, प्रत्येकी १,६५० रुपयांना. वर्णनात ‘टीटीएल सीरियल (बोर्डाशी थेट बोलणारी, कमी व्होल्टची जोडणी), ५ ते ९ व्होल्ट, २ ॲम्पियर’ असं लिहिलं होतं. पार्सल आलं तेव्हा घरात लग्न होतं, त्यामुळे तपासायला १९ दिवस लागले. बटण दाबून वीज दिली की तिन्हींची सेल्फ-टेस्टची (यंत्र स्वतःच छापून दाखवतं ती चाचणीची) पट्टी व्यवस्थित निघते. पण ईएसपी-३२ या छोट्या संगणकीय बोर्डाला जोडल्यावर दोन मॉड्यूल अगम्य चिन्हं छापतात आणि तिसरं पुसट छापतं. तिसऱ्याला वीज बोर्डाच्याच पिनेवरून दिली होती. पहिल्या दोघांच्या टीएक्स तारेवर (जिच्यातून मॉड्यूल संदेश पाठवतं) मल्टिमीटर उणे साडेपाच व्होल्ट दाखवतो. या गडबडीत एक बोर्डही गेला. विक्रेता म्हणतो, परतीचे सात दिवस संपले, तुम्ही तारा जोडल्यात म्हणून वॉरंटी गेली, शिवाय बिल दुकानाच्या नावावर आहे म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. (बिल भावाच्या स्टेशनरी दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेतलं होतं. पैसे माझ्या यूपीआयवरून गेले.) काय करावं?

उत्तर : आधी ते तिसरं मॉड्यूल तक्रारीतून काढून टाका. थर्मल प्रिंटरचं डोकं कागद तापवून काळं करतं आणि त्या क्षणी त्याला दोन ॲम्पियरच्या आसपास वीज लागते. यूएसबीवर चालणाऱ्या बोर्डाच्या पिनेला ते झेपत नाही, छपाई पुसट येते. विक्रेत्याने वर्णनात ‘२ ॲम्पियर’ लिहिलंच होतं. दोन ॲम्पियरचा स्वतंत्र ॲडाप्टर लावून पाहा, बहुधा चालेल. चालणारी वस्तू तक्रारीत घुसडलीत, तर समोरचा वकील तिच्यापासूनच सुरुवात करेल आणि खऱ्या दोन वस्तूंपर्यंत पोचेपर्यंत तुमची विश्वासार्हता संपलेली असेल.

उरलेल्या दोन मॉड्यूलचं प्रकरण मात्र मला आवडलं, आणि याचं सगळं श्रेय तुमच्या मल्टिमीटरला. टीटीएल जोडणीत तार गप्प असताना तिच्यावर अधिक ३.३ किंवा ५ व्होल्ट असतात. उणे व्होल्ट दिसतात ते आरएस-२३२ या वेगळ्या प्रकारच्या सीरियल जोडणीत. म्हणजे ही मॉड्यूल बिघडलेली नसावीत. सेल्फ-टेस्ट नीट निघते यातही नवल नाही, कारण त्या पट्टीला सीरियल तारेशी काही देणंघेणं नसतं. विक्रेत्याने तुम्ही मागितली त्यापेक्षा वेगळी वस्तू पाठवली आहे.

म्हणून तक्रारीत ‘खराब’, ‘नादुरुस्त’ हे शब्द लिहू नका. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असं लिहा. वाचायला फरक किरकोळ वाटतो, पण खिशाला मोठा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ नुसार, तपासणीशिवाय ठरवता न येणारा दोष सांगितला असेल तर ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. ३,३०० रुपयांच्या मालासाठी हा उपद्व्याप परवडणारा नाही. शिवाय दोष कुणामुळे आला, कारखान्यात की तुमच्या सोल्डरिंग आयर्नमुळे, हा वाद न संपणारा. वर्णनाशी न जुळणारा माल हा मात्र सरळ हिशेब आहे : वस्तुविक्री कायदा १९३० चं कलम १५, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. पुरावा म्हणून विक्रेत्याचं पान आणि मल्टिमीटरचा आकडा पुरेसा ठरावा.

सात दिवसांचं काय? विक्रेत्याने स्वतःसाठी केलेला नियम कायद्याच्या वर जात नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतला नियम ६ सांगतो की माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसेल, तर विक्रेता तो परत घ्यायला वा पैसे परत करायला नकार देऊ शकत नाही. पण त्यावर विसंबून गाफील राहू नका. वस्तुविक्री कायद्याचं कलम ४२ म्हणतं की वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. १९ दिवस घरातल्या लग्नामुळे समजून घेता येतील, पण आता आणखी दोन महिने ‘बघू’ म्हणत बसलात तर ती सवलत मिळायची नाही. आजच लेखी कळवा. कलम ४३ प्रमाणे माल स्वखर्चाने परत पाठवायची सक्ती तुमच्यावर नाही. ‘मी नाकारतो आहे’ एवढं कळवणं पुरे.

आणि आता हात आवरा! आतल्या सर्किटवरचा एखादा सोल्डर-जोड बदलला की हेच मॉड्यूल टीटीएल होतं, असं सांगणारा मित्र तुम्हाला भेटेल. कदाचित त्याचं खरंही असेल. पण तुम्ही ते केलंत की वस्तू तुमची झाली. कुठल्याही सोल्डरला हात लावू नका. ‘तारा जोडल्या म्हणून वॉरंटी गेली’ हा दावा मात्र हसण्यावारी न्यावा असाच आहे. तारा जोडल्याशिवाय ज्या वस्तूचा उपयोगच नाही, तिला तारा जोडणं हा गुन्हा कसा?

बिलाबद्दल थोडं कडक बोलतो. दुकानाच्या क्रमांकावर छंदाचा माल घेण्याची ही सवय सर्रास आहे आणि तिनेच तुमची बाजू लंगडी केली आहे. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘ग्राहका’च्या व्याख्येत बसत नाही. वाचवणारा मुद्दा असा की बिलावर कुणाचं नाव आहे यापेक्षा खरेदीचा मुख्य हेतू काय होता हे पाहिलं जातं. २०१९ मध्ये लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच निकष लावला. तिथे ट्रस्टने परिचारिकांना राहण्यासाठी मुंबईत सदनिका घेतल्या होत्या. त्यांचा नफा कमावण्याशी थेट संबंध नव्हता, म्हणून ट्रस्ट ग्राहक ठरला. तुमचे यूपीआयचे तपशील, मंडळाचं एक साधं पत्र आणि ‘हा माल दुकानाच्या व्यवहारासाठी नव्हता’ असं भावाचं प्रतिज्ञापत्र जोडा. भावाने या बिलावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल, तर प्रतिज्ञापत्र करण्याआधी त्याच्या कर सल्लागाराकडून ते परत फिरवून घ्या. नाहीतर एका हाताने क्रेडिट आणि दुसऱ्या हाताने ‘माल दुकानाचा नाही’, हे चालणार नाही.

जळालेल्या बोर्डाची भरपाई मागा, पण त्यावर अडून बसू नका. ईएसपी-३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या. मॉड्यूल खरंच पाच व्होल्टचं टीटीएल असतं, तरी मध्ये लेव्हल शिफ्टर (पाच व्होल्टचे ३.३ करणारा छोटा भाग) हवाच होता. तो लावला नसेल तर थोडी चूक तुमचीही.

पुढचं काम असं. एकाच सलग व्हिडिओत पार्सलवरचं लेबल, सेल्फ-टेस्टची पट्टी आणि मल्टिमीटरचं वाचन टिपा. मल्टिमीटरचा प्रोब (मोजायचं टोक) ग्राउंडच्या तारेवर कुठे आहे तेही दिसू द्या, म्हणजे प्रोब उलटे लावल्याचा आरोप राहत नाही. विक्रेत्याच्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट आजच घ्या, पानं रातोरात बदलतात. थर्मल कागदावरची छपाई विटते, म्हणून पट्ट्यांचे फोटोही काढा. मग त्या ऑनलाइन बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असं त्याच ई-कॉमर्स नियमांत आहे. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. एवढ्या रकमेची प्रकरणं बरीचशी तिथेच मिटतात.

नाहीच मिटलं, तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. ‘वाद फक्त अमुक शहरातच’ अशी अट विक्रेत्याने घातली असली तरी तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं. ३,३०० रुपयांसाठी माझ्यासारख्या वकिलाला फी देऊ नका.

मध्येच विक्रेत्याने खरी टीटीएल मॉड्यूल बदलून द्यायची तयारी दाखवली, तर घ्या, गणपती जवळ आलेत. फक्त जुनी दोन मॉड्यूल कुरियरवाल्याच्या हातात देताना पिकअपची पावती घ्या.