इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात प्रवेश घ्यावा का विचारलंस म्हणून

'रसेल ग्रुपमध्ये नाही' म्हणून लेस्टरवर लगेच काट मारू नकोस. तो ब्रिटनमधल्या २४ विद्यापीठांचा गट आहे, दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. १९८४ साली ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंग (डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याचं तंत्र) शोधलं ते इथेच. २०१२ मध्ये कार पार्कखाली इंग्लंडचा राजा तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला, ते उत्खननही इथल्याच पुरातत्त्वज्ञांचं. अंतराळ संशोधनातही नाव आहे. पण हा लौकिक त्या त्या विभागाचा. तुला मॅनेजमेंट करायचंय, तिथे जेफ्रीज काय कामाचे? तेव्हा एकूण क्रमवारी सोड, तुझ्या विषयाची बघ, मॉड्यूल (कोर्समधले पेपर) नीट वाच. प्रवेश करून देणाऱ्या एजंटाचं ऐक, पण त्याला बहुधा विद्यापीठाकडूनच कमिशन मिळतं हे धरून. जेवणाची काळजी नको, लेस्टर शहरात बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानांची रांगच आहे.